बावीसची पेटी

रादोवान पेखाला दोनच गोष्टी मनापासून जमत: टायर बदलणं आणि स्वतःबद्दल बोलणं. पहिलीवर त्याचं घर चाले, दुसरीवर गावातला नेमबाजांचा संघ. संघाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याचं पोट, त्याचा आवाज आणि त्याच्या पिस्तुलातली गोळी असं सगळंच मोठं मोठं होत गेलं होतं. गावाबाहेरच्या जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्यात संघाचं मैदान होतं. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी तो पाय फाकवून उभा राही, धाड धाड बार काढी आणि मागे वळून बघे, कोण कोण बघतंय ते.

त्याची बायको स्लावका बघत असे. बाकीच्यांना पुठ्ठ्यावरची भोकं दिसत, तिला नवऱ्याचे डोळे दिसत. बार व्हायच्या अगदी आधी ते गच्च मिटायचे आणि मनगट खाली झुकायचं. स्लावका गावच्या दवाखान्यात नर्स होती. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं हेच तिचं काम. दंडावर गरुड गोंदवलेले दांडगे बाप्ये खुर्चीत बसत, ‘आपल्याला काही वाटत नाही हं सिस्टर’ म्हणत, भिंतीवरच्या कॅलेंडराकडे तोंड फिरवत आणि सुई टोचायच्या आधीच दचकत. रादोवान त्यातलाच एक आहे हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. सांगून उपयोग नव्हता. त्याच्या कानात कायमचे बोळे होते, गोळीबार चालू असताना आणि एरवीही.

तिला नेमबाजी शिकवली ती तिच्या वडिलांनी. मेतोद्येय कुबाला हे शाळेत कसरतीचे मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी वीटभट्टीत पोराटोरांना शिकवत. त्यांच्याकडे एकच पिस्तूल होतं, जुन्या घडणीचं, नऊ मिलिमीटरच्या मोठ्या गोळीचं. त्याच्याबरोबर एक चपटी लाकडी पेटी होती. पेटीत त्याच पिस्तुलाचा दुसरा वरचा भाग, ‘बावीस’ म्हणतात त्या बारक्या गोळीची नळी आणि तिची वेगळी मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी. पिस्तुलाचा वरचा भाग काढायचा, पेटीतला चढवायचा, की झालं. मूठ तीच, चाप तोच, हातातलं वजन जवळजवळ तेच. फक्त गोळी स्वस्त आणि झटका नावालाच. मुलगी घाबरायच्या आत तिचा हात शिकला पाहिजे, असं मास्तरांचं म्हणणं होतं. स्लावका त्या पेटीवरच शिकली.

पेटीचा नियम एकच होता. “या बारक्या गोळीचा जीव बुडाच्या कडेला असतो,” मास्तर सांगत. “मोठ्या गोळीला ठोसा मधोमध बसतो, हिला कडेवर. आत गोळी नसताना चाप ओढलास तर तो ठोसा कुणाला बसेल? नळीच्या मागच्या ओठाला. ओठ चेपला की गोळ्या अडकायला लागतात. म्हणून रिकामा चाप ओढायचा नाही. कधीच नाही.”

आता संघातले मोठ्या गोळीवाले सगळे नेमके हेच करत. पाळी संपली की पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवायला मातीच्या बांधाकडे धरून चाप ओढायचा, ठक्. मोठ्या पिस्तुलाचं त्यात काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं ते ठक् करून त्यांच्या बोटांना सवय लागली होती. मास्तर पेटी वापरत तेव्हा पंच हिनेक तोमेश स्वतः वाकून नळीत डोळा घालून बघे आणि ‘रिकामं’ म्हणे. नळी तशीच राहिली, नवी असल्यासारखी.

मास्तर दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. तेव्हा स्लावकाकडे परवाना नव्हता, म्हणून पिस्तूल तात्पुरतं रादोवानच्या नावावर चढलं. त्या घरात तात्पुरतं म्हणजे जन्माचं. तिनं अभ्यास केला, परीक्षा दिली, परवाना काढला आणि म्हणाली, “आता बाबांचं पिस्तूल माझ्या नावावर कर.”

“करू की,” रादोवान म्हणाला. “पळून चाललंय का ते?”

ते पळून चाललेलंच होतं, शुल्त्सकडे. शुल्त्स हा बांधकामाचा ठेकेदार. त्याच्याकडे काचेच्या कपाटात पिस्तुलं मांडलेली होती आणि एकाचाही बार त्यानं कधी काढला नव्हता. तो पिस्तुलांबद्दल बोलायला लागला की लग्नाची स्थळं बघायला आल्यासारखा बोले: घराणं, जन्मसाल, अंगावर ओरखडा आहे का. संघाच्या मैदानावर छप्पर घालून देतो असं त्यानं कबूल केलं होतं, आणि मास्तरांच्या पिस्तुलावर त्याचा डोळा होता.

एका रविवारी रादोवाननं त्याला जेवायला बोलावलं. स्लावकानं क्नेडलिकी, म्हणजे उकडलेले कणकेचे गोळे, आणि कोबी केला होता. ती स्वयंपाकघरातून ताटं घेऊन आली तेव्हा टेबलावर पेटी उघडी पडली होती आणि बावीसचा भाग चढवलेलं पिस्तूल रादोवानच्या हातात होतं.

“ही बघा, चोखणी,” तो म्हणाला. “बाळाला दूध सुटलं की द्यायची.” आणि त्यानं चाप ओढला. ठक्. पुन्हा मागे खेचून, ठक्.

शुल्त्ससमोर एक ताट ठेवून झालं होतं, स्लावकाच्या हातातलं दुसरं कललं. “रिकामा चाप ओढू नकोस!”

“का बरं?”

“नळी चेपते. बाबांनी हजारदा सांगितलंय तुला.”

“ऐकलंत शुल्त्ससाहेब? परवान्याची शाई वाळली नाही अजून, आणि मला शिकवतेय!”

“बायका वस्तूंना जीव लावतात,” शुल्त्स समजूतदारपणे म्हणाला आणि क्नेडलिकीला काटा टोचला. “तरी जरा जपून हं पेखा. पेटीसकट असलं तर माझ्या लेखी त्याची किंमत वेगळी.”

पिस्तूल शुल्त्सकडे चाललंय हे तिला असं कळलं. नवऱ्यानं सांगितलं नव्हतंच, पाहुण्याच्या तोंडून कोबीबरोबर वाढलं गेलं. तिनं ताट ठेवलं, रादोवानच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं, वरचा भाग उतरवला आणि खिडकीशी जाऊन नळीच्या ओठावरून नख फिरवलं. ओठ शाबूत होता. मागे दोघं हसत होते.

शुल्त्स गेल्यावर रादोवान म्हणाला, “हे बघ, छप्पर सगळ्यांना मिळणार आहे. तू करणार काय त्याचं? तुला तर ती बावीसची फटफटीच आवडते. खरी गोळी झेपते का तुला?”

“आणि तुला?”

“मला?” रादोवानला खरंच प्रश्न कळला नाही. “मी अध्यक्ष आहे.”

स्लावकानं ताटं गोळा केली. राग आला असता तर बरं झालं असतं. रागात माणूस समोरच्याला काहीतरी समजतो तरी. तिला नुसतं दिसत होतं, टेबलाला टेकलेलं पोट आणि मिशीला लागलेला कोबी.

नोव्हेंबरात संत मार्टिनचा सण येतो आणि त्या दिवशी संघाचा मोठा सामना असतो. जिंकणाऱ्याला हंस मिळतो, सोललेला, चुलीत घालायला तयार. शेवटच्या फेरीला दोघंच उरतात आणि तिथे मास्तरांनी पाडलेली एक रीत आहे. सहा गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये पाच खऱ्या भरायच्या आणि एक मुकी, म्हणजे दारू नसलेली. ती कितवी आहे हे फक्त भरणाऱ्याला ठाऊक. मुकीवर चाप ओढला की नुसतं ठक् होतं आणि त्या क्षणी पिस्तूल काय करतं ते सगळ्यांना दिसतं. हात निर्भय असेल तर पिस्तूल जागच्या जागी राहतं. माणूस बाराला भीत असेल तर नळी दाणकन खाली जाते, आणि मग बाकावरचे सगळे एका सुरात ओरडतात, “लोटांगण!” ज्याचं लोटांगण झालं त्यानं सगळ्यांना स्लिवोवित्से, म्हणजे आलुबुखाराची कडक दारू, पाजायची, आणि वर्षभर टोमणे खायचे ते वेगळेच.

पूर्वी समोरासमोरचे दोघं एकमेकांची मॅगझिन भरत. रादोवान अध्यक्ष झाला आणि ज्याचा त्यानं भरणारा निवडावा असा नवा नियम आला. त्याचा भरणारा कायम लुबोश, त्याच्याच दुकानातला. लुबोश मुकी नेहमी सगळ्यात शेवटी यावी अशी भरायचा. दरसाल रादोवान पाच बार डोळे मिटून काढी, सहाव्याला पुतळ्यासारखा उभा राही, ठक् होई आणि लोक टाळ्या वाजवत. होता होता ही लबाडी आहे हेच तो विसरला. आपला हात हलत नाही, असं त्याला मनापासून वाटायला लागलं.

मग पाच बार पुठ्ठ्यावर नीट कसे लागत? तेही स्लावकाला ठाऊक होतं. दचकल्यामुळे त्याच्या गोळ्या खाली डावीकडे जात. हात सुधारायच्या ऐवजी त्यानं एका शनिवारी गॅरेजात बसून आपल्या पिस्तुलाची नेम धरायची पुढची माशी कानशीनं घासली आणि मागची खाच उजवीकडे ठोकली. दचकून झाडलेली गोळी तेव्हापासून मधोमध लागायला लागली. स्वतःची भीती त्यानं अशी पिस्तुलातच बसवून घेतली होती.

यंदा सामन्याच्या सकाळी त्यानं आणखी एक नियम वाचून दाखवला. “मार्टिनच्या सामन्यात यापुढे खेळणी चालणार नाहीत. खरी गोळी, खरं पिस्तूल. ज्यांना झेपत नाही त्यांनी कॉफीचं बघावं.” बाकावर खसखस पिकली. कॉफीच्या टेबलापाशी कोण उभं आहे ते सगळ्यांना दिसत होतं.

स्लावकानं किटली खाली ठेवली. “चालेल,” ती म्हणाली. “बाबांची मोठी नळी चढवते. पण सगळ्यांदेखत बोलू या. मी तुझ्यावर मात केली तर सोमवारी पोलिसांत जायचं आणि पिस्तूल माझ्या नावावर करायचं.”

“आणि हरलीस तर?”

“तर शुल्त्ससाहेबांना दे.”

“पेटीसकट?” पहिल्या बाकावरून शुल्त्सनं विचारलं. नवाकोरा कोट घालून तो खास आला होता.

“पेटीसकट.”

पंच हिनेक तोमेशला खोकला आला. तो मास्तरांचा जुना दोस्त, सत्तरी ओलांडलेला. तिच्या जवळ येऊन पुटपुटला, “पोरी, डोकं फिरलं का तुझं? बापाची एवढी एक वस्तू.”

“काका, नाहीतरी ती चाललीच होती. निदान नेम धरून तरी जाऊ दे.”

दुपारपर्यंत एकेक जण गळत गेला. मोठ्या नळीचा झटका स्लावकाच्या मनगटाला लागत होता, दुखतही होतं. पण चाप तोच होता, लहानपणापासून ओळखीचा, आणि तिचं बोट त्याला काही वेगळं विचारत नव्हतं. डोळे उघडे राहत होते. शेवटच्या फेरीला दोघं उरली, नवरा आणि बायको, आणि बाकांवर एकच गलका झाला. कुणी म्हणालं, हंस काही घराबाहेर जात नाही. कुणी म्हणालं, आज पेखाला ताट तरी मिळतंय का बघा.

“लुबोश कुठाय?” तोमेशनं विचारलं.

लुबोश दवाखान्यात होता. अंतर्गळाचं ऑपरेशन. त्याचं रक्त स्लावकानंच काढलं होतं. तोही कॅलेंडराकडेच बघत होता.

“मग भरायला मी बाकावरच्या यान्डाला घेतो,” रादोवान म्हणाला.

“कशाला?” तोमेशनं शिट्टी गळ्यात सारली. “तुझा माणूस नाही, तर जुनीच रीत. समोरच्यानं समोरच्याची भरायची. का, काही अडचण आहे?”

सगळ्यांदेखत अडचण असणार कशी? “मला कसली अडचण!” रादोवान म्हणाला. त्याला खरंच नव्हती. आपला हात हलत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एकेकानं मैदानाशेजारच्या संघाच्या खोलीत जाऊन मॅगझिन भरायची, तोमेश ती टोपीखाली झाकून आणणार आणि स्वतः पिस्तुलात घालणार. स्लावका खोलीत गेली. समोर सहा गोळ्या, त्यातली एक मुकी. मुकी सगळ्यात शेवटी येईल अशी तळाशी घातली, तर रादोवानची अब्रू दरसालसारखी झाकली जाईल. पंधरा-वीस वर्षं ती हेच करत आली होती: पार्टीत त्याच्या बढाया चालू असताना खाली बघायची, पोरं हसायला लागली की त्यांना डोळ्यांनी दाबायची. तळाशी घालायची का, असं तिनं स्वतःला विचारलं. दया येते का ते बघितलं. आली नाही. चार खऱ्या दाबल्या, मग मुकी, आणि तिच्यावर एक खरी. म्हणजे पहिला बार सगळ्यांना ऐकू येईल आणि दुसरा दिसेल.

रादोवान पाय फाकवून उभा राहिला. पोट आत, हनुवटी वर. पहिला बार झाला, भोक मधल्या वर्तुळाजवळ पडलं. त्यानं सवयीनं मागे वळून बघितलं. मग दुसऱ्यांदा नेम धरला आणि चाप ओढला.

ठक्.

बार झालाच नाही, पण रादोवानचं सगळं अंग बार झाल्यासारखं उडालं. डोळे गच्च मिटले, खांदे कानांना भिडले, पोट उसळलं आणि नळी थेट त्याच्या बुटांसमोरच्या मातीकडे गेली. आवाज नसल्यामुळे ते सगळं फार नीट दिसलं. एवढं मोठं लोटांगण तिथे कुणी पाहिलं नव्हतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी सुरुवात केली आणि सगळा खड्डा दणाणला, “लो-टां-गण!”

“गोळी खराब आहे!” रादोवान ओरडला.

“गोळी मुकी आहे, अध्यक्ष,” तोमेश म्हणाला. “ती कधी बोलत नाही. काढ बाहेर आणि पुढे चल.”

त्याचे कान लालबुंद झाले. त्यानं मुकी बाहेर काढली, दात आवळले आणि आयुष्यात पहिल्यांदाच उरलेल्या चारही वेळा डोळे उघडे ठेवून, मनगट ताठ धरून गोळ्या झाडल्या. चारही वर उजवीकडे गेल्या. दोन तर पुठ्ठ्याच्या बाहेर. तो पिस्तुलाकडे बघत राहिला, ते उलटून बोलल्यासारखा. बाकावरच्यांना काही कळेना. घासलेली माशी एकट्या स्लावकाला माहीत होती. आज पहिल्यांदा तो न भिता उभा राहिला होता, आणि त्याचं पिस्तूल भित्र्या माणसासाठी बसवलेलं होतं. तिला हसू आलं नाही. तिला एवढंच वाटलं, की याला सरळ वागणंसुद्धा आता फुकट आहे.

तिच्या मॅगझिनमध्ये रादोवाननं मुकी सगळ्यात पहिली ठेवली होती. बाई पहिल्याच ठोक्याला उडेल, असा त्याचा हिशेब. तिनं नेम धरला, चाप ओढला, ठक् झालं. पिस्तूल होतं तिथेच राहिलं. तोमेशनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. उरलेले पाच बार काही फार देखणे नव्हते. एक तर पार कडेला गेला. पण पुरेसे होते.

शुल्त्स टाळ्या वाजवायला थांबला नाही. जाता जाता छपराचं वसंतात बघू म्हणाला, म्हणजे छप्पर गेलं. रादोवाननं सगळ्यांना स्लिवोवित्से पाजली आणि स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त प्यायला.

संध्याकाळी हंस चुलीत तडतडत होता. रादोवान टेबलाशी बसला होता. आवाज नसलेला रादोवान त्या घराला नवा होता. तो हळूच म्हणाला, “सोमवारी जाऊ पोलिसांत.”

“जाऊ.”

“स्लावके.” तो टेबलाच्या कडेवरून नख फिरवत होता. “ती पेटी... थोडे दिवस मला देशील? लोकांसमोर नको, इथे. बारीक गोळीवर हात बसतो म्हणतात. मला पहिल्यापासून...” त्यानं मान वर केली. “तू दाखव मला. मास्तर दाखवायचे तसं.”

इतक्या वर्षांत त्यानं तिला काही दाखव म्हटलं नव्हतं. स्लावका चुलीपासून वळली. तिच्या मनात काहीतरी हललं, आणि तिला स्वतःचाच अचंबा वाटला. हा माणूस भितो आणि भितो म्हणून सांगतोय. एवढं त्यानं वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर! तिनं हात पुसले, पेटी आणली, बावीसचा भाग चढवला, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि पिस्तूल त्याच्या हातात दिलं.

“नियम एकच,” ती म्हणाली. “काय आहे?”

“ठाऊक आहे गं. रिकामा चाप ओढायचा नाही.”

“मग आधी नुसतं धर. खांदे सोड. डोळे उघडे. श्वास घे.”

त्यानं भिंतीकडे पिस्तूल धरलं. खांदे खाली आले. धरलं होतं चांगलं, खरंच चांगलं, बाबा असते तर मान डोलावली असती. “असंच,” ती म्हणाली. “बास. आता खाली घे.”

रादोवाननं सुस्कारा सोडला. आणि पाळी संपल्यावर जे करायचं ते केलं: पिस्तूल जरा खाली केलं, मागे खेचलं, चाप ओढला. ठक्. पुन्हा खेचून एकदा, खात्रीसाठी, ठक्.

“जमतंय की!” तो खुशीत येऊन म्हणाला. त्याच्या आवाजात अध्यक्ष परत आला होता. “काही फार अवघड नाही हे. उद्यापासून—”

स्लावकानं हात पुढे केला. त्यानं पिस्तूल दिलं. तिनं वरचा भाग उतरवला, खिडकीशी नेला आणि नळीच्या ओठावरून नख फिरवलं. नख एका जागी अडलं.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो आशेनं हसत होता. त्याला ते ठक् ऐकूसुद्धा आलं नव्हतं.

“काही नाही,” ती म्हणाली. पेटी मिटली, कुलूप लावलं, किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली आणि हंस बघायला चुलीकडे गेली.